कांदोळीचा जुझे

हजेरी घेताना माझ्या नावापाशी दरवेळी कुणीतरी अडखळतं. केरळची मैत्रीण मला जोस म्हणते. फुटबॉलवाले होसे म्हणतात. कन्नड मित्रांनी तर जोसण्णा करून टाकलंय. घरी मात्र मी जुझे. हे माझ्या आजोबांचं नाव. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची आमच्यात रीत आहे. आजोबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, आणि तिथे सगळे त्यांना जोसेफ म्हणायचे. ते कधी तक्रार करत नसत, असं आजी सांगते.

या वर्षी पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव कसं हवं, याचा फॉर्म भरायचा होता. मी ठरवूनच टाकलं होतं की जोसेफ लिहायचं आणि मोकळं व्हायचं. नेमकं त्याच आठवड्यात मी अलेक्झांडर ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ वाचत होतो.

कादंबरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. मार्सेयजवळच्या समुद्रातल्या शातो दीफ या किल्ल्यात निरपराध एडमंड कैदेत असतो. एके दिवशी त्याच्या कोठडीची जमीन फोडून एक म्हातारा धर्मगुरू वर येतो, कारण त्याच्या भुयाराची दिशा चुकलेली असते. हा म्हातारा एडमंडला भाषा शिकवतो, गणित शिकवतो, खजिन्याचा पत्ता देतो. तो मेल्यावर एडमंड त्याच्या जागी प्रेताच्या पोत्यात शिरून सुटका करून घेतो. म्हाताऱ्याचं नाव आबे फारिया. ड्यूमाने त्याला इटालियन केलंय. पण या नावाचा एक माणूस खरोखर होऊन गेला, आणि तो इटालियन नव्हता. तो गोव्याचा होता, बार्देशातल्या कांदोळीचा. त्याचं पूर्ण नाव जुझे कुस्तोदियो द फारिया.

फारिया, आबे फारिया हे मला माहीत होतं. त्यातला जुझे मला माहीत नव्हता.

आधी या नावाबद्दल थोडं. मूळ शब्द हिब्रू, योसेफ. अर्थ साधारण ‘देव वाढवो’ असा. आपल्या मराठी बायबलमध्ये तो योसेफ म्हणूनच येतो. स्पेनमध्ये त्याचं होसे झालं, पोर्तुगालमध्ये जुझे, आणि गोव्याच्या जिभेने पोर्तुगीज उच्चार जवळजवळ तसाच जपला. फिलिपिन्सचे होसे रिझाल, क्युबाचे होसे मार्ती आणि नोबेल मिळवणारे जुझे सारामागो हे सगळे एकाच नावाचे. आपल्याकडचे संत जुझे वाझ (1651–1711) आधी कानडा किनाऱ्यावर आणि मग श्रीलंकेत राबले, 2015 मध्ये संत घोषित झाले. मुंबईचा इतिहास लिहिणारे डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा (1844–1900) हेही त्यातलेच. या यादीत कांदोळीचा जुझे मात्र सहसा नसतो, कारण त्याला त्या नावाने कुणी ओळखतच नाही.

जुझेचा जन्म 31 मे 1756 चा. वडील कायतान व्हितोरीन कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. वडिलांचं घराणं मूळचं सारस्वत, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेलं. आईवडिलांचं काही जमलं नाही. जुझे लहान असतानाच दोघं चर्चच्या परवानगीने वेगळी झाली. वडील धर्मगुरू झाले आणि आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाली. एका घराची अशी दोन दारं, दोन्ही देवाकडे उघडणारी, आणि मधे एक पोरगा. चरित्रं हे दोन ओळींत सांगून पुढे जातात. मी तिथे बराच वेळ थांबलो होतो.

1771 मध्ये वडील पंधरा वर्षांच्या जुझेला घेऊन लिस्बनला गेले. वडील महत्त्वाकांक्षी होते. तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर जो राजा होता, त्याचंही नाव जुझे. राजाच्या आश्रयाने मुलाला रोमला शिकायला पाठवण्यात आलं. तिथे त्याने धर्मशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि 1780 मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. प्रबंध त्याने पोर्तुगालच्या नव्या राणीला, मारिया पहिली हिला अर्पण केला होता.

पुढची गोष्ट गोव्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. लिस्बनला परतल्यावर राणीने तरुण फारियांना राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये प्रवचनाला बोलावलं. समोर सगळा दरबार. फारिया व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. तेव्हा खालून वडिलांनी कोंकणीत कुजबुजून सांगितलं, की ही सगळी भाजी आहे, काप बिनधास्त. पोराची भीती गेली आणि प्रवचन सुरळीत पार पडलं. ही दंतकथा म्हणूनच सांगितली जाते. पण मला तिच्यातलं एक आवडतं. लॅटिन आणि पोर्तुगीज येणाऱ्या त्या मुलाला ऐन वेळी घरच्या भाषेतल्या दोन शब्दांनी हात दिला. आणि म्हणतात, नुसत्या शब्दाने मनावर इतका परिणाम कसा होतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तिथूनच शिरला.

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड उघडकीला आलं. गोव्याच्या धर्मगुरूंना आणि शिपायांना केवळ कातडीच्या रंगामुळे वरच्या जागा मिळत नसत, ही त्यामागची ठसठस. बंडातले एक पुढारी, दिवाडीचे पाद्री जुझे आंतोनियो गोन्साल्विस, लिस्बनमध्ये फारिया बापलेकांना भेटलेले होते. पंधरा जणांना पणजीत देहदंड झाला. संशयाची सुई लिस्बनपर्यंत आली, आणि 1788 मध्ये आपल्या जुझेने पॅरिस गाठलं. वर्षभरात तिथे राज्यक्रांती पेटली. 1795 च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये जो उठाव नेपोलियनने तोफांनी मोडून काढला, त्यात बंडखोरांच्या एका तुकडीच्या पुढे आबे फारिया होते. कांदोळीचा पाद्री पॅरिसच्या रस्त्यावर!

पण त्यांचं खरं काम वेगळंच. तेव्हा युरोपात मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला झालेला होता. माणसांच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो, आणि जाणकार माणूस आपल्या हातांनी तो दुसऱ्यात सोडून रोग बरे करू शकतो, असा मेस्मरचा दावा. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्होआझिए तिच्यात होते. असला काही द्रव नाही, असं समितीने सांगितलं. पण मग लोकांना झोप लागायची, दुखणी थांबायची, ते कशाने? याचं उत्तर समितीने कल्पनाशक्ती या एका शब्दावर सोडलं.

फारियांनी तिथून पुढे विचार केला. मार्सेय आणि नीम इथे काही काळ तत्त्वज्ञान शिकवून ते पॅरिसला परतले, आणि 1813 मध्ये क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेश पाच फ्रँक. ते माणसाला आरामात खुर्चीत बसवत, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगत, आणि मग मोठ्या आवाजात झोपण्याची आज्ञा देत. ना चुंबक, ना मंत्र. त्यांचं म्हणणं असं, की मी काहीच करत नाही. माझ्या हातातून काही वाहत नाही. जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात, त्याच्या एकाग्रतेमुळे आणि त्याच्या विश्वासामुळे. ताकद त्याची आहे, माझी नाही.

विचार करा, गर्दी जमलीय, पैसे देऊन लोक आलेत, आणि प्रयोग करणाराच सांगतोय की माझ्यात जादू नाही. कोण ऐकून घेणार? मेस्मरवाले चिडले, कारण त्यांचा द्रवच बुडत होता. चर्चमधल्या लोकांना यात सैतानाचा वास आला. एक नट झोपल्याचं सोंग करून प्रयोगाला बसला आणि मधेच डोळे उघडून त्याने सगळ्यांसमोर त्यांची टर उडवली. 1816 मध्ये त्यांच्यावर प्रहसनच आलं, आणि लोक हसून हसून लोळले. त्यानंतर प्रयोगांची गर्दी ओसरली.

फारियांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. कुणाला लवकर झोप लागते याचं कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधलं, ते टिकलं नाही. लेखक शातोब्रियाँने तर आठवणींत लिहून ठेवलंय, की या पाद्र्याने एका जेवणाच्या वेळी पिंजऱ्यातला पक्षी नुसत्या चुंबकशक्तीने मारून दाखवायची फुशारकी मारली आणि पक्षी ढिम्म राहिला. खरं असेल तर आपल्याच सिद्धांताशी केलेली ही बेइमानी. माणूस होता, गर्दीत वाहवत गेला असेल.

शेवटच्या दिवसांत ते एका मठात पुरोहित म्हणून राहिले आणि पुस्तक लिहीत बसले. पहिला खंड 1819 मध्ये निघाला. त्याच वर्षी 20 सप्टेंबरला मेंदूच्या झटक्याने ते गेले. मोंमार्त्रला पुरलं, कबरीवर खूण नाही. पुढे 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रेडने हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला, नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेच्या परिणामाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि मागे वळून पाहिलं, तर वाटेवर फारिया उभे दिसले. विसाव्या शतकात गोव्याचे डॉ. दालगादो आणि पोर्तुगालचे नोबेल विजेते एगास मोनिश यांनी त्यांच्यावर पुस्तकं लिहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी धारवाडहून गाडीने गोव्याला गेलो. लोंढा, कॅसलरॉक, मग घाट उतरून मडगाव, तिथून कदंबाची बस. आजीसाठी लाइन बझारचे पेढे घेतले होते, त्यातले दोन वाटेतच संपले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियांचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, 1945 चा. झगा घातलेले उंच फारिया पुढे झुकलेत, दोन्ही हात पसरलेत, आणि त्यांच्यापुढे एक बाई मागे कलंडतेय. पुतळा जबरदस्त आहे. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं, की त्या हातांतून काहीतरी वाहतंय असं वाटतं. म्हणजे जे या माणसाने जन्मभर नाकारलं, नेमकं तेच! लोकांना जादूगार हवा होता आणि त्यांनी तो करून घेतला. ड्यूमाला इटालियन हवा होता, त्याने तो करून घेतला. प्रहसनवाल्यांना विदूषक हवा होता. प्रत्येकाने या माणसाला आपल्या सोयीच्या नावाने हाक मारली, आणि जुझे कांदोळीतच राहिला.

संध्याकाळी आजीला हे सगळं सांगितलं. तिने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, की आजोबांना वर्कशॉपमध्ये जोसेफ म्हणायचे तेव्हा त्यांना कसं वाटायचं, ते कधी कुणी विचारलं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर फॉर्म भरला. जन्मदाखल्यावर जे नाव आहे, तेच लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी ते वाचायचा प्रयत्न केला, अडखळल्या, आणि कसं म्हणायचं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरोबर जमलं.