व्हिएन्नातील साक्ष : वालेरी लेगासोव यांचे जीवन

काही माणसांचे आयुष्य एकाच घटनेने जगापुढे येते आणि त्याच घटनेत होरपळूनही निघते. सोव्हिएत संघातील रसायनशास्त्रज्ञ वालेरी लेगासोव हे अशांपैकी एक होत. अणुऊर्जेवरील आंतरराष्ट्रीय देखरेखीचे बळ आणि तिच्यातील उणिवा या दोन्ही गोष्टी त्यांच्या चरित्रात दिसतात. म्हणून त्यांची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

लेगासोव यांचा जन्म १ सप्टेंबर १९३६ रोजी तुला या शहरात झाला. मॉस्कोच्या मेंडेलेयेव संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले व निष्क्रिय वायूंच्या संयुगांवरील संशोधनाने नाव मिळविले. १९८१ साली ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले आणि पुढे कुर्चातोव अणुऊर्जा संस्थेच्या उपसंचालकपदी पोहोचले. अणुभट्ट्यांची रचना हा मात्र त्यांचा मूळ विषय नव्हता.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे युक्रेनमधील चेर्नोबिल केंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत एका चाचणीच्या वेळी स्फोट झाला. त्याच दिवशी शासकीय आयोगाचे सदस्य म्हणून लेगासोव तेथे दाखल झाले. जळत्या भट्टीवर हेलिकॉप्टरमधून बोरॉन, शिसे, वाळू व चिकणमाती टाकण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. जवळच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार रहिवाशांना २७ एप्रिलला हलविण्यात आले. केंद्रातील कर्मचारी आणि अग्निशामक दलाचे जवान मिळून ३० जण पहिल्या तीन महिन्यांत दगावले. लेगासोव यांनाही किरणोत्सर्गाची बाधा झाली.

जगाला मात्र पहिले दोन दिवस काहीच कळविण्यात आले नव्हते. २८ एप्रिलला हजारहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या स्वीडनमधील फोर्समार्क केंद्रात किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा कोठेतरी मोठा अपघात झाल्याचे उघड झाले. त्या संध्याकाळी मॉस्कोने त्रोटक निवेदन दिले. अशी बातमी शेजारी राष्ट्रांना तातडीने देण्याचे बंधन घालणारा जागतिक करार तेव्हा अस्तित्वातच नव्हता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ पासून कार्यरत होती. परंतु तिच्या निरीक्षकांचे मुख्य काम अणुइंधन बॉम्बसाठी वळविले जात नाही ना, हे पाहण्याचे होते. केंद्रांची सुरक्षितता हा प्रत्येक देशाचा घरचा प्रश्न मानला जाई.

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे याच संस्थेने बोलाविलेल्या बैठकीत लेगासोव यांनी अनेक देशांच्या शेकडो तज्ज्ञांसमोर सुमारे पाच तास अपघाताचा वृत्तांत मांडला. सोव्हिएत प्रतिनिधीकडून एवढा मोकळेपणा कोणाला अपेक्षित नव्हता. सभागृह भारावून गेले. तथापि ते सत्य अपुरे होते. मुख्य ठपका कर्मचाऱ्यांच्या चुकांवर ठेवण्यात आला. अणुभट्टीच्या रचनेतील दोष, विशेषतः ती बंद करणाऱ्या नियंत्रक दांड्यांमधील घातक दोष, पूर्णपणे पुढे आला नाही. १९९२ साली संस्थेच्या तज्ज्ञ गटाने आपला आधीचा निष्कर्ष सुधारला आणि या दोषांना योग्य ते महत्त्व दिले.

व्हिएन्नातील त्या बैठकीनंतर महिन्याभरातच, २६ सप्टेंबर १९८६ रोजी, दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. एकाने अपघाताची त्वरित सूचना देण्याचे बंधन घातले आणि दुसऱ्याने परस्पर साहाय्याची व्यवस्था केली. १९९४ मध्ये अणुसुरक्षा करार आला. त्यानुसार सदस्य राष्ट्रे आपल्या केंद्रांचा अहवाल इतर राष्ट्रांपुढे ठेवतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. दोष आढळल्यास शिक्षेची तरतूद त्यात नाही. केवळ इतरांपुढे उत्तर द्यावे लागण्याचा संकोच, एवढेच या कराराचे शस्त्र.

लेगासोव यांना हे पाहावयास मिळाले नाही. स्वदेशी परतल्यावर सुरक्षिततेच्या पद्धतीत मूलगामी सुधारणा व्हाव्यात म्हणून ते झटले. परंतु स्वतःच्या संस्थेतच त्यांना विरोध झाला. प्रकृतीही खालावली. आपल्या आठवणी त्यांनी ध्वनिफितींवर नोंदवून ठेवल्या. दुर्घटनेच्या दुसऱ्या स्मृतिदिनानंतर एकच दिवस उलटला असता, २७ एप्रिल १९८८ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या अंतःकरणाचा निवाडा आम्ही करू धजत नाही. तो परमेश्वराच्या हाती आहे. १९९६ साली त्यांना मरणोत्तर रशियन संघराज्याचा वीर हा सन्मान देण्यात आला.

२०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा येथील अपघाताने तोच प्रश्न पुन्हा उभा केला. अणुसुरक्षा करार अधिक कडक करण्याची सूचना स्वित्झर्लंडने मांडली. मात्र एकमत न झाल्याने २०१५ साली राष्ट्रांनी कराराऐवजी एका जाहीरनाम्यावर समाधान मानले. राष्ट्रे आपले सार्वभौमत्व सांभाळतात. वारा मात्र सीमा पाळत नाही.

हा प्रश्न आमच्यापासूनही दूर नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ पासून अणुवीज निर्माण होत आली आहे, आणि भारताने अणुसुरक्षा करारास २००५ साली मान्यता दिली आहे. विजेची गरज कोणी नाकारू नये. पण जे केंद्र चालवितात त्यांनी आपला हिशेब त्रयस्थापुढे ठेवावा, आणि चूक सांगणाऱ्याला शासनाने व समाजाने आधार द्यावा, असे आम्हांस मनापासून वाटते. लेगासोव यांना तो आधार मिळाला असता, तर उरलेले सत्यही कदाचित त्यांच्याच मुखातून जगाने ऐकले असते.