बूस्ट कमी झाला, आणि सेन्ना जिंकला!

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असेलच. घरची टर्बो गाडी हातात आली की ती 'स्टॉक' ठेवायचीच नाही, हे त्यानं ठरवलेलं असतं. रीमॅप मारायचा, बूस्ट वाढवायचा आणि मग बोईसर-चिल्हार रस्त्यावर बघूच कोण पुढे जातं ते! गेल्या महिन्यात सरावलीतल्या एका गॅरेजमध्ये मी अशाच एका गाडीचं उघडलेलं इंजिन पाहिलं. पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं. गाडीवाला पोरगा बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत गप्प बसला होता. त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर पिवळं हेल्मेट होतं. आयर्टन सेन्नाचं.

त्या पोराला तेव्हा काही बोलावंसं वाटलं नाही. पण सेन्नाची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण बूस्टची मजा आणि त्याची किंमत त्याच्याइतकी फार कमी जणांनी जवळून पाहिली.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० चा, ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गो-कार्ट बनवून दिली. इंजिन कसलं, तर गवत कापायच्या यंत्राचं, एका अश्वशक्तीचं! १९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला, १९८३ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकला आणि १९८४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला. टोलमन ही टीम छोटी होती. पण मोनॅकोच्या धो धो पावसात तेराव्या नंबरवरून निघालेला हा पोरगा थेट दुसरा आला.

तो काळ टर्बोचा होता. या इंजिनांची क्षमता फक्त १.५ लिटर, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी साध्या गाड्यांएवढीच. मग एवढी ताकद यायची कुठून? इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पातं फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं पातं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. हा कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तुम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर उभे असता तेव्हा तुमच्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो. त्या काळी इंजिनात याच्या चार-पाचपट दाबानं हवा जायची. बूस्ट कमी-जास्त करायची सोय ड्रायव्हरच्या हाताशीच असायची.

१९८५ मध्ये सेन्ना लोटस टीममध्ये गेला. २१ एप्रिलला पोर्तुगालमध्ये पावसातच त्यानं पहिली शर्यत जिंकली. दुसरा आलेला अल्बोरेटो सोडला, तर बाकी सगळ्यांना त्यानं एक फेरी मागे टाकलं होतं. दोन आठवड्यांनी इटलीतल्या इमोलाला तोच पुढे होता. पण शर्यतीसाठी २२० लिटरच इंधन मिळायचं आणि मध्ये भरायला बंदी होती. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना टाकी रिकामी झाली. पुढच्याच शर्यतीत, मोनॅकोला, पुढे असताना त्याच्या इंजिनानं मान टाकली.

१९८६ मध्ये तर कहर होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी कोण कुठून सुटणार हे ठरवायची जी फेरी असते, तिच्यासाठी टीम वेगळी इंजिनं आणायच्या. त्यांचा बूस्ट इतका वाढवलेला असायचा की ताकद हजार अश्वशक्तीच्या वर जायची. अशी इंजिनं मोजक्या फेऱ्याच टिकायची, मग दुसरं बसवायचं. सेन्नानं त्या वर्षी आठ वेळा पहिली जागा पटकावली. शर्यती किती जिंकल्या? दोन. एका फेरीपुरती ताकद विकत घेता येते, पण शर्यत संपेपर्यंत ती टिकवणं हे वेगळंच काम असतं. ते त्याला इथे शिकावं लागलं.

आता ही इंजिनं का जायची ते बघा. हवा जितकी दाबाल तितकी ती तापते. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर इंधन शिस्तीत जळत गेलं पाहिजे. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. हातोडीचे घाव बसावेत तसे धक्के पिस्टनला बसतात. पिस्टन फुटतो किंवा वितळतो, हेड गॅस्केट उडतं, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये प्रकार थोडा वेगळा. तिथे बूस्टबरोबर डिझेलही वाढवलं जातं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की उष्णता पिस्टनला आणि टर्बोला जाळते. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, त्याला आणखी पळवलं की त्याचे बेअरिंग जातात.

१९८७ मध्ये नियम आला, ४ बारच्या वर दाब नको. १९८८ मध्ये तो २.५ बारवर आणला आणि टर्बो गाड्यांना इंधन फक्त १५० लिटर. होंडाच्या इंजिनाची ताकद हजाराच्या आसपासून सातशेच्या खाली आली. त्याच वर्षी सेन्ना मॅक्लारेनमध्ये आला होता. आणि काय झालं? १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेननं जिंकल्या. आठ सेन्नानं, सात त्याचा टीममेट आणि कट्टर स्पर्धक ॲलन प्रोस्टनं. एका हंगामात आठ हा तेव्हाचा विक्रम होता. ३० ऑक्टोबरला जपानमधल्या सुझुकाला सुरुवातीलाच गाडी बंद पडता पडता वाचली आणि तो चौदाव्या नंबरवर गेला. तिथून एकेकाला मागे टाकत तो जिंकला आणि पहिल्यांदा विश्वविजेता झाला. त्याच्या टर्बो काळातला सगळ्यात कमी बूस्ट, आणि सगळ्यात जास्त विजय!

१९८९ पासून टर्बोवर बंदी आली. सेन्ना १९९० आणि १९९१ मध्येही विश्वविजेता झाला. एकूण विजय ४१. १ मे १९९४ ला, जिथे कधीकाळी त्याची टाकी रिकामी झाली होती त्याच इमोलाला, त्याची विल्यम्स गाडी भिंतीवर आदळली. वय अवघं ३४. ब्राझीलनं तीन दिवसांचा दुखवटा पाळला.

आता आपल्या गाडीकडे या. सेन्नाच्या होंडा इंजिनातलं इंधन खास होतं, बहुतांश टोल्युइन, म्हणजे सहजासहजी नॉकिंग न होणारं. आपण पंपावरचं साधं पेट्रोल भरतो. त्याच्या मागे इंजिनावर नजर ठेवणारे इंजिनिअर होते. आपल्या मागे गाडीचा हप्ता असतो. कंपनी इंजिनात थोडी क्षमता राखून ठेवते, ती उन्हाळ्यासाठी, घाटासाठी आणि खराब इंधनासाठी. रीमॅपवाला 'फुकटची पॉवर' म्हणून जी देतो, ती याच राखीव शिल्लकीतून येते. वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत.

वेगाची हौस असेल तर ती जरूर पुरवा, पण गो-कार्टच्या ट्रॅकवर. सेन्नानं सुरुवात तिथूनच केली होती, एका अश्वशक्तीवर. आणि तुमच्या ग्रुपमधल्या 'त्या' मित्राला हा लेख पाठवा. गॅरेजमधल्या त्या पोराला आता नवा पिस्टन घ्यावा लागणार आहे. तुमच्या मित्रावर तरी ती वेळ यायला नको.