लाकडी विमानाचे शिल्पकार : सर जेफ्री डि हॅविलंड

विमानाचा रंग व गुळगुळीतपणा ही केवळ शोभा नव्हे, हे ज्यांच्या आयुष्यभराच्या कामावरून कळते, असे एक पुरुष म्हणजे इंग्लंडचे सर जेफ्री डि हॅविलंड होत.

त्यांचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. यंत्रांचे वेड लहानपणापासूनचे. आजोबांनी दिलेल्या १००० पौंडांच्या बळावर फ्रँक हर्ल या मित्रासह त्यांनी स्वतःच विमान बांधावयास घेतले. पंखांचे कापड पत्नी लुईझ यांनी शिवले. डिसेंबर १९०९ मध्ये पहिल्याच उड्डाणात पंख मोडून ते विमान कोसळले. जेफ्री मात्र बचावले. खचून न जाता त्यांनी दुसरे विमान बांधले. ते १९१० मध्ये उडाले आणि सरकारी बलून कारखान्याने ४०० पौंडांना विकत घेतले.

१९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांना कीटकांच्या अभ्यासाचा छंद होता. म्हणूनच १९२५ च्या हलक्या विमानास त्यांनी 'मॉथ', म्हणजे पतंग, हे नाव दिले. याच घराण्यातील 'पस मॉथ' विमानातून जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांचे 'मॉस्किटो' गाजले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांच्या थोरल्या मुलाने, धाकट्या जेफ्रीने, ते प्रथम उडविले. बर्च लाकडाच्या दोन पातळ प्लायवुडांमध्ये हलके बाल्सा लाकूड साच्यात दाबून त्याची कुडी होई. खळगे लांबीने भरावयाचे, घासून सपाट करावयाचे, मग वर मदपोलम नावाचे तलम सुती कापड डोपने चिकटवावयाचे. डोप वाळताना कापड ताणून घट्ट बसवितो व लाकडात पाणी शिरू देत नाही. त्यावर पुन्हा डोपचे हात आणि शेवटी रंग. या कापडाचे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या माधवायपालेम या गावावरून पडले आहे.

पृष्ठभाग खरखरीत असला की त्याला लगटून वाहणारी हवा खवळते आणि विमानाला मागे ओढते. रात्रीच्या मॉस्किटोंना दिलेला मखमली काळा रंग शत्रूपासून लपवी खरा, पण वेग घटवी. म्हणून पुढे गुळगुळीत काळा रंग आला.

परंतु वरचा हात आतले दोष झाकू शकत नाही. १९४४ मध्ये भारतातील उष्ण व दमट हवेत काही मॉस्किटोंचे सांधे सुटले, माणसे दगावली. जेफ्रींचे बंधू हेरवर्ड स्वतः चौकशीस आले. प्रथम दोष हवेला दिला गेला. पुढील तपासात सांधे नीट न जुळविल्याचेही उघड झाले. सांध्यांवर प्लायवुडची पट्टी बसविण्यात आली, आणि ऊन परतवून लावावे म्हणून इकडच्या विमानांना चंदेरी रंग देण्यात आला.

या विद्येची किंमत त्यांच्या घरानेही मोजली. १९४३ मध्ये दोन मॉस्किटोंच्या टकरीत मुलगा जॉन गेला. १९४६ मध्ये नव्या जेट विमानाची चाचणी घेताना थोरला जेफ्री गेला. या धक्क्यांतून न सावरता १९४९ मध्ये लुईझ यांचेही निधन झाले. तरीही ते कामापासून ढळले नाहीत. २१ मे १९६५ रोजी ते वारले. जेथे त्यांचे पहिले विमान मोडले होते, त्याच सेव्हन बॅरोजच्या माळावर त्यांची रक्षा विमानातून विखुरण्यात आली.

आज काचतंतू आणि इपॉक्सी वापरून घरच्या घरी विमान बांधणारे हौशी लोक हाच क्रम पाळतात. आधी सांधा तपासावयाचा, मग कापडाची वीण लांबीने बुजवावयाची, पॉलिशपेपरने घासावयाचे, आणि उन्हाने इपॉक्सी मऊ पडू नये म्हणून शेवटी पांढरा रंग द्यावयाचा. आत भक्कम व वर नितळ, हाच डि हॅविलंड यांच्या जीवनकार्याचा बोध होय.