पाथरीचे ज्ञानराज : पाचशे वर्षांपूर्वीचे आपले खगोलशास्त्रज्ञ

वालूर (ता. सेलू) : पाथरी म्हटलं की साईबाबा आठवतात. पण पाचशे वर्षांपूर्वी ह्याच पाथरीत, म्हणजे तेव्हाच्या पार्थपुरात, ज्ञानराज नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. ग्रहताऱ्यांचं गणित मांडणारा माणूस.

वडिलांचं नाव नागनाथ. त्या काळी कॉलेज नव्हतं; ही विद्या बापाकडून लेकाकडं, गुरूकडून शिष्याकडं जायची. १५०३ च्या सुमारास ज्ञानराजांनी 'सिद्धान्तसुंदर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'सिद्धान्तशिरोमणी'नंतर साडेतीनशे वर्षांनी असा मोठा ग्रंथ झाला. त्यात ग्रहांची चाल, ग्रहणं, वेध घ्यायची यंत्रं आहेत अन् ऋतूंचं वर्णनही आहे. पृथ्वी गोल धरून गणित मांडताना पुराणातल्या गोष्टींशी मेळ घालायचाही त्यांनी प्रयत्न केला.

विद्या त्यांनी घरात कोंडून ठेवली नाही. थोरला-धाकटा असा भेद न करता दोन्ही लेक तयार झाले. चिंतामणीनं वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यपंडितानं भास्कराचार्यांचं 'बीजगणित' अन् 'लीलावती' उलगडून सांगितली. पुढं गोदाकाठच्याच गोळगावचे दिवाकर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य झाले. त्यांची मुलं-नातवंडं काशीत नावाजली.

२०१४ मध्ये 'सिद्धान्तसुंदर'चं इंग्रजी भाषांतर निघालं. आज शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो प्रकल्प होतोय. तिथं जगभरच्या वेधशाळांसोबत काम चालणार. आपल्या लेकरांनी तिथं नुसतं मजुरीला नाही, शास्त्रज्ञ म्हणून जावं. हा वारसा आपल्याच मातीतला आहे.