ट्रक उचलायचाय? आधी रॉबर्ट हूकला भेटा

कॉलेजचा एक मित्र सध्या टेक्सासमध्ये असतो. त्याने तिथे सेकंडहँड पिकअप ट्रक घेतला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सुरुवात केली. गाडी मागून उंच, पुढून खाली. त्याला पुढची बाजू दोन इंच उचलून गाडी एका लेव्हलला आणायची होती. स्पेसर टाकू, नवीन स्प्रिंग घेऊ की मागे एअर स्प्रिंग बसवू, असा त्याचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरवाला, गॅरेजवाला नाही. पण इंजिनिअरिंगला दोन मार्कांसाठी पाठ केलेला हूकचा नियम आठवला आणि वाचायला बसलो. मग लक्षात आलं, की मित्राच्या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत या एकाच माणसाचा हात आहे.

बेटावरचा मुलगा

रॉबर्ट हूक १६३५ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर गावात जन्मला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. मुलगा सतत आजारी, त्यामुळे शिक्षण बरंचसं घरीच. पण हात गप्प बसत नव्हते. पितळी घड्याळ उघडलेलं पाहून त्याने लाकडाचं चालणारं घड्याळ बनवलं होतं.

१६४८ मध्ये वडील गेले. थोडे पैसे घेऊन तो लंडनला आला, काही दिवस पीटर लेली या चित्रकाराकडे राहिला, मग वेस्टमिन्स्टर शाळेत आणि तिथून ऑक्सफर्डला गेला. तिथे त्याला रॉबर्ट बॉइलकडे मदतनिसाचं काम मिळालं.

बॉइलला हवेवर प्रयोग करायचे होते आणि त्यासाठी लागणारा हवेचा पंप हूकने बनवून दिला. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी उलट ढकलते, हे या प्रयोगांतून पुढे आलं. तापमान तेच ठेवून हवेची जागा निम्मी केली, तर दाब दुप्पट होतो. १६६२ मध्ये मांडलेला हा नियम आज बॉइलच्या नावाने ओळखला जातो. पंप बनवणाऱ्याचं नाव त्यात नाही.

पिकअपच्या मागच्या एक्सलवर बसणारी एअर स्प्रिंग याच तत्त्वावर चालते. हौद्यात वजन टाकलं की मागची बाजू बसते, रबरी पिशवीत हवा भरली की पुन्हा वर येते. पिशवी जितकी दबते तितकी ती जास्त कडक होत जाते. मात्र हवा भरल्याने गाडीची वजन वाहण्याची मंजूर मर्यादा वाढत नाही. फ्रेम, एक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात.

प्लेगच्या वर्षातल्या घोडागाड्या

१६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हूकला प्रयोग करून दाखवण्यासाठी नेमलं. इतरांनी सुचवायचं आणि याने ते बैठकीत चालवून दाखवायचं, असं ते काम. १६६५ मध्ये त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक आलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बुचाच्या कप्प्यांना त्याने सेल म्हटलं आणि जीवशास्त्राला तो शब्द कायमचा मिळाला.

त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेग पसरला. हूक जॉन विल्किन्स आणि विल्यम पेटी यांच्याबरोबर एप्सम इथे जाऊन राहिला, आणि तिथे हे तिघं नव्या धर्तीच्या घोडागाड्यांवर काम करत होते. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसाला कमी धक्के कसे बसतील, हा प्रश्न तेव्हाही होता.

पुढच्या वर्षी आगीत लंडन जळालं. हूक शहराचा सर्व्हेअर झाला, जमिनी मोजून दिल्या, ख्रिस्तोफर रेनबरोबर बांधकामं केली. आणि हे सगळं चालू असताना स्प्रिंगचा विचार डोक्यात होताच.

१४ अक्षरांचं कोडं

१६७५ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने स्प्रिंगचं घड्याळ जाहीर केलं. ती कल्पना आपली आधीची आहे, असं हूकचं म्हणणं होतं, आणि मोठा वाद झाला. १६७६ मध्ये हूकने आपला स्प्रिंगचा नियम छापला, पण १४ लॅटिन अक्षरांची उलटापालट करून. म्हणजे शोधाची तारीख आपली, पण उत्तर कुणाला कळणार नाही. कोड्याची फोड त्याने १६७८ मध्ये केली.

अर्थ साधा आहे. स्प्रिंग जेवढी ताणाल किंवा दाबाल, तेवढ्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. ५० किलोला १ सेंटीमीटर दबली, तर १०० किलोला २ सेंटीमीटर दबेल. लांबलचक तारेला वजनं टांगून, गुंडाळलेल्या स्प्रिंगवर, लाकडावर, असं सगळीकडे त्याने हे तपासलं. अर्थात हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. त्यापुढे वस्तू वाकते ती वाकलेलीच राहते.

मित्राचं निम्मं उत्तर इथेच होतं. स्प्रिंगवर बसवलेला स्पेसर स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडी वर बसवतो. खर्च कमी, पण स्प्रिंग जुनी असेल तर ती जुनीच राहते. नवीन कडक स्प्रिंग तेवढ्याच वजनाला कमी दबते, म्हणून गाडी उंच राहते, पण रिकामी चालवताना धक्के जास्त बसतात.

आणि मुळात पिकअप मागून उंच असतो तो कंपनीची चूक म्हणून नाही. मागे वजन आलं की तो सरळ व्हावा, म्हणून तसा बनवलेला असतो. पुढची बाजू आधीच उचलली आणि मागे ट्रेलर जोडला, तर नाक आकाशाकडे जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

शाफ्टमधला क्रॉस

गाडी जास्त उचलली की आणखी एक अडचण येते आणि तिथेही हूकच उभा असतो. इंजिनाकडून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टला दोन टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्याला क्रॉस म्हणतात, इंग्लंडमध्ये अजूनही हूकचा जॉइंट. कल्पना त्याच्याआधीची, पण हूकने ती खगोलशास्त्राच्या उपकरणांसाठी वापरली आणि १६७६ च्या त्याच पुस्तकात समजावली.

हा जॉइंट तिरका फिरला, की पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा हळू होतो. हे हूकला माहीत होतं. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा फरक एकमेकांत मिटतो. मागची बाजू उचलताना हे कोन बिघडले, तर वेग वाढला की गाडी थरथरते.

चेहरा नसलेला माणूस

१६८६ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या श्रेयावरून हूकचं आयझॅक न्यूटनशी बिनसलं, ते कायमचं. पाठीत बाक आलेला, आजारी, चिडका, असा तो १७०३ मध्ये वारला. लग्न केलं नव्हतं. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. त्याच्या हातच्या बैठकांच्या नोंदी २००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या कपाटात सापडल्या.

श्रेय जाईल या भीतीने ज्याने उत्तर कोड्यात लपवलं, त्याचा नियम आज प्रत्येक गाडीखाली आहे आणि चेहरा कुठेच नाही. मला याचं वाईट वाटलं.

मित्राला मी एकच प्रश्न विचारला: गाडीत वजन किती आणि किती वेळा असतं? तो दर शनिवार-रविवारी ट्रेलर ओढतो. मग त्याने पुढचा भाग उचलायचा बेत सोडला आणि मागे एअर स्प्रिंग बसवल्या. ट्रेलर जोडला की हवा भरतो, हेडलाइट तपासतो आणि निघतो.

तुम्हीही गाडी उचलायचा विचार करत असाल, तर आधी वजन ठरवा, मग उंची. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यामुळे गाडीत बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करा.