हार्वे कुशिंग आणि नाकामागची वाट

पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असते. ती मेंदूच्या तळाशी, स्फेनॉइड सायनस या हाडातील पोकळीच्या छतावर बसलेली असते. तिच्या गाठी नाकाच्या वाटेने काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत रुजवली हार्वे कुशिंग यांनी.

८ एप्रिल १८६९ रोजी क्लीव्हलँड येथे डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये शिकताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या वेळी नाडी व श्वासाची नोंद ठेवण्याची पद्धत त्यांनी सहाध्यायी कॉडमन यांच्यासह सुरू केली.

ऑस्ट्रियात श्लोफर यांनी १९०७मध्ये नाकाच्या वाटेने पहिली शस्त्रक्रिया केली होती. कुशिंग यांनी १९०९मध्ये बाल्टिमोरला ती करून पाहिली. पुढे त्यांनी वरच्या ओठाखाली छेद घेऊन, नाकाच्या पडद्यालगत आत जाण्याची पद्धत बसवली. हाताशी होती ती फक्त क्ष-किरण प्रतिमा. तिच्यात ग्रंथीची रुंदावलेली खोबण दिसे, पण डाव्या-उजव्या सावल्या एकमेकींवर पडत. प्रतिजैविके नसतानाही १९१० ते १९२५ या काळातील २३१ शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के राहिले.

तरीही कुशिंग यांनी पुढे ही वाट सोडून कवटी उघडण्याचा मार्ग धरला. खोल, अरुंद जागेतून वर पसरलेली गाठ नीट दिसत नसे. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्याकडे शिकलेल्या एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी मात्र ही पद्धत जपली. त्यांच्याकडून ती पॅरिसला गियो यांच्याकडे आणि तेथून माँट्रियलला हार्डी यांच्याकडे गेली. हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली.

कुशिंग यांना न दिसणारे तपशील १९७१नंतर सीटी स्कॅन दाखवू लागला. ही पोकळी प्रत्येकाची वेगळी असते. कोणाची ग्रंथीच्या मागेपर्यंत पसरलेली, तर कोणाची जेमतेम तयार झालेली. मग तेथे भरीव हाड कोरावे लागते. आतला पडदा क्वचितच बरोबर मध्यावर असतो. कधी तो मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या भिंतीला चिकटलेला असतो. तो पिरगळून काढला तर धमनी फाटू शकते. दृष्टीची नसही कधी हाडाच्या आवरणाविना पोकळीत डोकावते. म्हणूनच आज दुर्बिणीने होणाऱ्या या शस्त्रक्रियेआधी सर्जन सीटीचे काप एकेक करून तपासतो.