आचार्य काकासाहेब कालेलकर : मराठी मातीतले ‘सवाई गुजराती’

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. कुळ मूळचे सावंतवाडीकडील कालेली गावचे. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे बदल्यांच्या गावांबरोबर शाळाही बदलत गेल्या. मराठी घरात आणि कानडी शेजारात अशा रीतीने त्यांचे बालपण गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ साली पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. परंतु त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत पत्करले.

बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना घरातल्या नात्यांनी संबोधण्याची रीत होती. तेथे कालेलकर ‘काका’ झाले, ते कायमचेच. सरकारी रोषामुळे ते विद्यालय १९११ मध्ये बंद पडले. उद्विग्न मनाने ते हिमालयाकडे वळले आणि गंगोत्री, केदार, बदरी अशी यात्रा त्यांनी पायी केली. पुढे शांतिनिकेतनात असताना १९१५ साली त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि शिक्षकाला त्याची शाळा पुन्हा मिळाली. साबरमतीच्या आश्रमशाळेत ते शिकवू लागले. कालांतराने गुजरात विद्यापीठाचे कुलनायकही झाले.

विद्यार्थ्यांची भाषा गुजराती, म्हणून शिक्षकानेही ती आपलीशी केली. हिमालयाच्या प्रवासाचे वर्णन त्यांनी गुजरातीतच लिहिले. साबरमतीच्या तुरुंगातील पक्षी, मुंग्या, खारी आणि झाडे यांच्याशी जडलेला स्नेह ‘ओतराती दीवालो’ या छोटेखानी पुस्तकात उतरला. गुजराती शुद्धलेखनात एकवाक्यता आणण्याचे काम गांधीजींनी ज्यांच्यावर सोपविले, त्यांत हा मराठी गृहस्थ होता. त्यातून १९२९ साली ‘जोडणीकोश’ सिद्ध झाला. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, ते उगीच नव्हे. ‘जीवन-व्यवस्था’ या गुजराती ग्रंथाला १९६५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.

मायबोली मात्र सुटली नाही. बेळगावजवळच्या तुरुंगवासाची आठवण त्यांनी ‘हिंडलग्याचा प्रसाद’ या मराठी पुस्तकात जपली. नद्यांना ‘लोकमाता’ मानणारी त्यांची लेखणी मराठीतही तितक्याच सहजतेने वाहिली. हिंदीच्या प्रचारासाठी तर त्यांनी देशभर भ्रमंती केली.

१९५२ ते १९६४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आयोगाने २,३९९ जाती मागास ठरविल्या. परंतु १९५५ मध्ये अहवाल सादर करताना जात हाच निकष धरण्याविषयी अध्यक्षांनी स्वतःच राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात असहमती नोंदविली. आपल्याच अहवालाचे बळ कमी केल्याचा दोष त्यांच्यावर आला आणि शासनानेही तो अहवाल स्वीकारला नाही. या प्रश्नावरचा वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. मनाला न पटलेले मात्र त्यांनी झाकून ठेवले नाही.

१९६४ साली ते पद्मविभूषण झाले. उत्तरायुष्य त्यांनी दिल्लीत, राजघाटानजीकच्या ‘सन्निधि’ या वास्तूत व्यतीत केले आणि २१ ऑगस्ट १९८१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, राजधानीतच त्यांची जीवनयात्रा संपली. साताऱ्याच्या कृष्णाकाठी निघालेला हा प्रवाह यमुनेच्या तीरी विसावला. परप्रांतात मराठी मुळाक्षरे गिरविणाऱ्या मुलांसाठी त्यांचे जीवन हा एक जिवंत धडा आहे : ज्याचे मूळ स्वभाषेत खोल रुजलेले असते, त्याला शेजाऱ्याची भाषा परकी वाटत नाही, आणि शेजाऱ्याच्या भाषेत घर बांधले, म्हणून आईचे घर परके होत नाही.